पाच गाड्या, वेगळे डबे

"आपण शेजारी बसणार नाही का?" वीरधवलने विचारलं, ते पोह्यात मीठ कमी आहे का असं विचारावं इतक्या साध्या आवाजात. रविवारची सकाळ होती. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते: विमानाची तिकिटं, हॉटेलांच्या पावत्या, प्रवासाचा विमा, बँकेचे शिक्के मारलेली पानं. मंगळवारी पुण्याला व्हिसाचा अर्ज द्यायचा होता आणि सगळं एका फाइलीत तारखेनुसार लावायचं काम वीरधवलकडे होतं. रेल्वेचं सगळं सोनियाने केलं होतं. गेले दोन महिने ती तेच करत होती. त्याने पेन्सिलीने एका कागदावर दोन आकडे गोल केले आणि कागद तिच्याकडे सरकवला. पॅरिस ते बाझल, वीरधवल, डबा दोन, जागा चौसष्ट. सोनिया, डबा चार, जागा एकवीस. मग दुसरा कागद. श्पीत्स ते मिलान, डबा सात आणि डबा पाच. मिलान ते व्हेनिस, व्हेनिस ते फ्लोरेन्स, फ्लोरेन्स ते रोम. पाच गाड्या, दहा गोल. सोनियाच्या हातात पोह्यांचा चमचा होता. तो तिने बशीत ठेवला, तर त्याचा उगाच मोठा आवाज झाला.

"चुकून झालं असेल," ती म्हणाली.

"पाचही?"

"साइटवर तसंच येत असेल. मिळतील त्या जागा देतात."

"मे महिन्यातल्या गाडीला फेब्रुवारीत जागा मिळंना व्हय?" तो हसला. "व्हिसावाली बाई म्हणेल, यांचं भांडण झालंय, तिकडं जाऊन एक जण पळून जाणार. दोघांनाबी नको."

सोनियाला हसू आलं नाही. ती कागदांकडे बघत राहिली. हे कागद तिने स्वतः काढले होते, प्रत्येक गाडीची वेळ तीन ठिकाणी तपासून. तिकडे तिकीट वेगळं आणि जागेचं आरक्षण वेगळं असू शकतं, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. स्वित्झर्लंडच्या आतल्या गाड्यांना जागा धरावी लागत नाही, वाटेल तिथे बसावं. सरहद्द ओलांडून इटलीत शिरणाऱ्या गाडीला मात्र धरावीच लागते. श्पीत्सला गाडी बदलायला आठ मिनिटं होती. आठ मिनिटांत दोन बॅगा घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर जाता येतं का, हे बघायला तिने कुणा अनोळखी माणसाने चालता चालता काढलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. फलाटावर अक्षरांच्या पाट्या असतात आणि आपला डबा कुठल्या अक्षरापाशी थांबणार ते आधी कळतं, हे वाचून ती खूश झाली होती. कुठल्या अक्षरापाशी उभं राहायचं हे तिने वहीत लिहिलं होतं. म्हणजे प्रत्येक गाडीपुढे दोन अक्षरं लिहिली होती, एक त्याच्यासाठी आणि एक स्वतःसाठी. लिहिताना तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. 

कुपवाडच्या एका फौंड्रीत सोनिया प्रयोगशाळा बघायची. भट्टीतून आलेल्या ओतीव लोखंडाचा तुकडा घासून यंत्रावर ठेवायचा, ठिणगी पाडायची आणि त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती ते वाचायचं. यंत्र चुकतं, हे ती फिजिक्सच्या पहिल्या वर्षापासून शिकली होती. चुकण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक इकडेतिकडे विखुरलेली, कधी जास्त, कधी कमी. तिला फारसा अर्थ नसतो. दुसरी दर वेळी एकाच बाजूला. तशी दिसली की आत कुठेतरी काहीतरी कायमचं सरकलेलं आहे असं समजायचं आणि मोजणं थांबवायचं. पाचपैकी एका गाडीत जागा वेगळ्या आल्या असत्या तर ती पहिली तऱ्हा. आणि साइट आपणहून दोघांना शेजारीच बसवते, हे तिला माहीत होतं. वेगळं बसायला मुद्दाम काहीतरी करावं लागतं. तिने काय केलं होतं तेही तिला आता नीट आठवलं. पाचही वेळा तिने दोन वेगळी तिकिटं काढली होती. आधी त्याचं. ते पूर्ण झालं, मेल आला, मग पुन्हा पहिल्यापासून स्वतःचं. एकाच्या तिकिटाला काही झालं तर दुसऱ्याचं शाबूत राहावं, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं. डब्यांचा नकाशा आला की तिची नजर त्याच्या डब्यावरून पुढे जायची. मधे एक डबा सोडून ती थांबायची. तेवढं अंतर बरं वाटायचं. इतकं लांब नाही की चुकामूक व्हावी, इतकं जवळ नाही की कुणाला संबंध लागावा.

कुणाला. तिने मनातल्या मनात तो शब्द पुन्हा म्हटला.

सोलापूर स्टेशनचा वास तिला आला, ओल्या पोत्यांचा आणि डिझेलचा. तिचे वडील हरिबा गलाईवाले. विट्याच्या पूर्वेकडच्या त्यांच्या कोरड्या गावातली निम्मी घरं याच धंद्यात देशभर पांगलेली, जुनं सोनं वितळवायचं, त्यातला हिणकस भाग काढायचा, शुद्ध करून सराफाला परत द्यायचं. हरिबांचं दुकान विजयवाड्याला, एका बोळातली आठ बाय दहाची खोली, भट्टी, मूस, चिमटे आणि आम्लाने पिवळी पडलेली बोटं. वर्षातून दोनदा गावी यायचं, जत्रेला आणि दिवाळीला. येताना आणि जाताना त्यांच्या कमरेला सदऱ्याच्या आत कापडी पट्टा असायचा. त्यात सोनं, आपलं थोडं आणि भाऊबंदांनी विश्वासाने दिलेलं जास्त. पट्टा असला की घरात एक नियम लागू व्हायचा आणि तो गलाईवाल्यांच्या सगळ्याच घरांत होता: माल ज्याच्यापाशी त्याच्याजवळ आपलं माणूस बसायचं नाही. आई आणि सोनिया एका डब्यात, बाबा दुसऱ्यात, आणि एकच डबा मिळाला तर दोन-तीन खण सोडून. फलाटावरसुद्धा लांब उभं राहायचं. ओळख द्यायची नाही. एकावर नजर गेली तर दुसरं वाचतं, असं बाबा म्हणायचे. सोनियाला लहानपणी तो खेळ वाटायचा. गर्दीतून बाबांची टोपी शोधायची, सापडली की लगेच दुसरीकडे बघायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, "बाबा विजयवाड्याला हायत, आमी त्यांच्याकडंच चाललोय." ती ते इतकं सफाईने सांगायची की समोरच्या बायका तिला गोळ्या द्यायच्या.

एकदाच खेळ मोडला. ती नऊ वर्षांची होती. सिकंदराबादच्या अलीकडे तिला ताप भरला, अंगाला हुडहुडी सुटली. आईने तिच्या अंगावर लुगडं घातलं, कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी गोळी दिली. एकच डबा मिळाला होता त्या वेळी. तीन खण सोडून खिडकीत बाबा बसले होते, ते तिला आडवं पडून बायकांच्या पायांमधून दिसत होते. तापात तिला नियम आठवला नाही. ती "बाबा" म्हणून रडायला लागली, आणि बाबांनी ऐकलं. ऐकलं हे तिला नक्की माहीत होतं, कारण त्यांची मान अर्धी वळली होती. वळली, मधेच थांबली आणि मग पुन्हा खिडकीकडे गेली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पांढरं ऊन पडलं होतं. समोरची बाई आईला म्हणाली, "बापाचा लय लळा दिसतोय पोरीला." आई म्हणाली, "व्हय." विजयवाड्याला घरात गेल्यावर, दार लावून घेतल्यावर, बाबांनी तिला उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. पट्टा तिच्या पोटाला टोचत होता. ते म्हणाले, "मी वळलो असतो तर दोघांचंबी गेलं असतं, पोरी." तिला ते पटलं होतं. अजूनही पटत होतं. त्या बाबतीत तिला बाबांवर कधी राग धरता आला नाही, आणि धरता आला नाही म्हणूनच तो कुठेतरी तसाच पडून राहिला असावा.

"सोनिया," वीरधवल म्हणाला. त्याने पेन्सिल खाली ठेवली होती. "जायचं नसंल तर मंगळवारच्या आत सांग. मी रागावणार न्हाई. पण पुण्याला जाऊन, बोटांचे ठसे देऊन मग नको."

"जायचं आहे."

"माझ्यासंगं?"

हे तो कधी विचारेल याची ती वर्षभर वाट बघत होती. विचारू नये म्हणून ती काळजीही घेत होती. युरोपची कल्पना त्याची होती. मागच्या दिवाळीत एकदा टीव्हीवर डोंगरातून जाणारी लाल गाडी दिसली आणि तो म्हणाला, जाऊ या का आपण. तो सहसा असं काही म्हणणारा नव्हता. फलटणजवळच्या बागायतदार घरातला तो, चुलते लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरात फिरायला जाणं म्हणजे देवाला नाहीतर लग्नाला. तिला त्याच्या घरच्यांपुढे 'अहो' म्हणावं लागायचं आणि सांगलीला परत येताना गाडी गावच्या कमानीबाहेर पडली की ती लगेच 'अरे' वर यायची, त्यावरून दोघं हसायचे. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून, म्हणजे त्या दिवाळीच्याही आधीपासून, ते हसले नव्हते. सोनियाला आठवा महिना संपत आला होता आणि एक दिवस पोटातली हालचाल थांबली. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, आवाज मोठा केला, तरी काही ऐकू आलं नाही. सोनियाने स्वतःच पडद्यावर बघितलं होतं. वाचता येत असल्याचा तोटा असा की कुणी सांगायची वाट बघावी लागत नाही.

मुलगी होती. नर्सने कापडात गुंडाळून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "वडलांना आत बोलवू का?" आणि सोनिया म्हणाली, "नको." वर्षभरात त्या एका शब्दाला तिने किती कारणं लावून बघितली होती. त्याला सहन होणार नाही म्हणून. आपण कशा दिसत असू म्हणून. आपल्या शरीराने हे केलं, त्याची लाज म्हणून. एकही नीट बसलं नव्हतं. दार लोटलेलं होतं. तो बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर होता, खुर्ची सरकल्याचं तिला ऐकू आलं, मग दाराच्या फटीतून त्याचा आवाज आला, "येऊ का?" तिने ऐकलं. मान वळवायला घेतली. आणि मग ती भिंतीकडे बघत राहिली, भिंतीवर लसीकरणाचं जुनं वेळापत्रक होतं, ते पहिल्या ओळीपासून वाचत. तो पुन्हा खुर्चीवर जाऊन बसला. दहा मिनिटांनी नर्सने बाळ नेलं. त्याने ते बघितलं नाही, आणि का बोलावलं नाहीस असं कधीही विचारलं नाही. त्या न विचारण्याभोवती ते दोघं वर्षभर घरात फिरत होते, खोलीच्या मधोमध ठेवलेल्या कपाटाला वळसा घालावा तसे.

आता टेबलावर दहा गोल होते आणि भिंतीवरचं ते वेळापत्रक तिला ओळ न् ओळ आठवत होतं.

"मी तुला एक सांगू का," ती म्हणाली. "तुला वेडगळ वाटेल."

तिने सांगितलं. पट्टा, सोलापूर, वेगळे डबे, ताप. वीरधवलला सासऱ्यांचा धंदा माहीत होता, हा नियम माहीत नव्हता. आधी तो गंमत ऐकावी तसा ऐकत होता. "म्हणजे मामा मला लग्नात पण मांडवात जवळ बसवत नव्हते, त्याचं कारण हे होय," असंही तो मधे म्हणाला. मग तिने नर्सचं सांगितलं, आणि दाराचं, आणि मान वळवायला घेतली होती तेही. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"मग माल कोणता होता?" त्याने विचारलं. "आणि चोर कोण? मी?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? तू सगळं मोजतेस."

"जे होतं ते गेलंच होतं," ती म्हणाली. "एकाचं गेलं होतं. मला वाटलं असेल, तू बघितलं नाहीस तर तुझं तरी राहील."

तो उठला आणि खिडकीपाशी गेला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीत फडकं पिळल्याचा आवाज येत होता. "राहिलं नाही," तो तिकडेच बघत म्हणाला. "तुला वाटलं तसं काही राहिलं नाही, सोनिया. मला नुसतं कोडं राहिलं. रस्त्यात कुणाचंबी लहान पोर दिसलं की मी त्याचं तोंड तिला लावून बघतो. हिचं असं असंल का, तसं असंल का." मग तो वळला. "कशी होती?"

तिला वाटलं होतं, हे कधी सांगायची वेळ आली तर आपला आवाज जाईल. तसं झालं नाही. तिने प्रयोगशाळेत निरीक्षण सांगावं तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ते तोंडातून बाहेर आलंच नसतं. केस काळे, ओले, कानांवर आलेले. डावी भुवई तुझ्यासारखी, शेवटी जरा वर गेलेली. ओठ गडद. डोळे मिटलेले, पापण्यांना केस होते. हाताची बोटं लांब. "नखं वाढली होती," ती म्हणाली. "बोटाच्या पुढं आली होती. कापायला झाली होती." 

वीरधवल पुन्हा खुर्चीवर बसला. त्याने दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले, आणि मग उताणे केले.

"मी तिला मांडीवर घेऊन गावाला गेलो," तो म्हणाला. "गाडीत मागं. लालाकाका पुढं डायव्हरपाशी. तुला कुणी सांगितलं नसंल. विटा, मायणी, दहिवडी, सगळा रस्ता. फलटणच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागं एक, पाऊण तास तिथंच. पाय बधिर झाला. काका म्हणाले, दे रं माझ्याकडं घटकाभर. दिलं न्हाई. म्हटलं, असू दे." तो बोलताना हळूहळू गावाकडच्या बोलीवर जात होता, दमला की जायचा. "कापडाची एक कड सुटली होती. मी हात घातला तर काका म्हणाले, उघडू नको, गड्या. उघडलं की सोडवत न्हाई. म्हणून न्हाई उघडलं. कागदावर दोन किलो एकशे चाळीस होतं. तेवढं लागत नव्हतं, सोनिया. आणि गार पण लागत नव्हती. माझ्याच अंगाची ऊब असंल."

"तुझीच असणार," ती म्हणाली, आणि तिला आपण हे का म्हटलं ते कळलं नाही. खरं होतं म्हणून म्हटलं होतं. त्याने मान हलवली.

तिने बघितली होती आणि त्याने वाहून नेली होती. दोघांकडे अर्धं अर्धं होतं आणि वर्षभर दोघांनी आपापलं अर्धं अंगाशी बांधून ठेवलं होतं. सोनियाला एकाएकी आणखी एक गोष्ट जाणवली, इतकी उघड की ती आजवर दिसली नाही याचं तिला आश्चर्य वाटलं. श्पीत्सच्या फलाटावर कुठल्या अक्षरापाशी उभं राहायचं ते तिला माहीत होतं. व्हेनिसला गाडी पाण्यावरून किती मिनिटं जाते ते माहीत होतं. आणि आपली मुलगी कुठे आहे हे माहीत नव्हतं. गावाकडं, रानात, एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या. बायका तिकडे जात नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं होतं, तेव्हा ती दवाखान्यातच होती आणि जाण्याचा प्रश्नच नव्हता. नंतरही तिने विचारलं नाही. विचारावं अशी ती जागा आहे, हेच तिच्या मनात आलं नव्हतं.

"कुठं आहे ती?" तिने विचारलं.

 मग त्याने एक कोरा कागद ओढला, पण त्यावर काही काढलं नाही, नुसता हात ठेवला. "गावात शिरताना कमानीपाशी उतरायचं. आत जायचं न्हाई, उजवीकडं पाणंद आहे. त्या पाणंदीनं पंधरा मिनिटं चालत, पार पाटापर्यंत. पाटाच्या पलीकडं आमचा एक पडीक तुकडा आहे, खडकाळ, तिथं काही करत न्हाईत. बांधाला एक बोरीचं झाड आहे. बोरीच्या सावलीला नको म्हणाले काका, मुळं असतात. जरा अलीकडं. वर दगड ठेवलेत, सात का आठ."

"पाट कसा ओलांडायचा?"

"मोरी होती, ती पडली. आत उतरूनच जायचं. पाणी सोडलेलं असलं तर न्हाई जाता येत."

"आता सोडलंय?"

"माहीत न्हाई," तो म्हणाला. "मी परत गेलोच न्हाई."

टेबलावरच्या कागदांवर पंख्याचा वारा येत होता आणि वरचं पान सारखं उचललं जात होतं. वीरधवलने त्यावर वाटी ठेवली. मग फोन उचलला आणि लालासाहेबांना लावला. लालासाहेब फोनवर नेहमी पलटणीतल्या वायरलेसवर बोलल्यासारखे बोलायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं शेजारच्यालाही ऐकू जायचं.

"बोल रं," ते म्हणाले. "रविवारचं बरं आठवलं म्हातारं."

"काका, पाटाला पाणी हाय का?"

"कुठल्या?"

"पडीकाच्या अंगाचा. पाणंदीच्या शेवटाला."

"का रं? सांगलीत बसून ऊस लावतोयस का काय?"

"न्हाई," वीरधवल म्हणाला. "पलीकडं जायचं हाय."

 फोनमध्ये लांब कुठेतरी शेतातली मोटर चालू होती, तिचा आवाज तेवढा येत राहिला. सोनियाला वाटलं, फोन ठेवला त्यांनी. वीरधवलने तो कानापासून काढून बघितला आणि पुन्हा लावला.

"परवाच पाण्याची पाळी संपली," लालासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला सोनियाने कधी ऐकला नव्हता. तिला खुर्ची ओढून वीरधवलच्या खांद्याशी कान न्यावा लागला. "कोरडा हाय पाट. आजच येताय?"

"आज."

"दोघं?"

वीरधवलने तिच्याकडे बघितलं.

"दोघं," तो म्हणाला.

 मग लालासाहेब खाकरले. "सूनबाईला म्हणावं, बूट घालून ये. सराटं लय हायत तिकडं."